तार आणि तिची टोके

रस्त्यावरच्या खांबावरून घरात येणारी वीज मीटरच्या आसपास धातू बदलते. खांबाखांबांवर ताणलेली तार ॲल्युमिनियमची असते आणि खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस केबलही बहुधा ॲल्युमिनियमचीच. मीटरच्या पुढे, भिंतीतल्या पाइपांतून आणि बोर्डांतून, तांबे सुरू होते. वीज तीच, दाब तोच, मग मधेच धातू का बदलावा? शाळेत शिकवलेली सुवाहकांची क्रमवारी आपल्याला पाठ असते: पहिली चांदी, मग तांबे, मग सोने, मग ॲल्युमिनियम. चांदी महाग म्हणून तांबे, एवढे म्हणून बहुतेक जण थांबतात. पण हे उत्तर खरे असते, तर चौथ्या क्रमांकाचा धातू देशभरच्या वाहिन्यांवर राज्य करताना दिसला नसता. आणि स्वस्ताई हे त्याचे कारण म्हणावे, तर तोच स्वस्त धातू घराच्या उंबऱ्यावर का अडवला जातो, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते या कोड्याची किल्ली तारेच्या लांबीत नाही, तिच्या टोकांत आहे. तार वीज किती सहज वाहून नेते यापेक्षा ती दुसऱ्या धातूला कशी भेटते, आणि ती भेट वीस-तीस वर्षे कशी टिकते, यावर तिचा धातू ठरतो.

आधी क्रमवारीला तिचा मान देऊ. धातूच्या तुकड्यात प्रत्येक अणू आपले एक-दोन बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक ठेवीत टाकल्यासारखे सोडून देतो. ते कोणत्याच एका अणूचे राहत नाहीत, साऱ्या तुकड्यात हिंडतात. चांदी, तांबे आणि सोने हे तिघे मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच उभ्या रांगेत बसतात, कारण तिघांच्याही बाहेरच्या कक्षेत एकच, सैल धरलेला इलेक्ट्रॉन असतो. अणू आपापल्या जागी थरथरत असतात आणि धावणारा इलेक्ट्रॉन त्या थरथरीला अडखळतो. हे अडखळणे म्हणजेच रोध. या तिघांत ते कमी असते. विजेचा परिणाम क्षणात पोचतो म्हणून इलेक्ट्रॉनही विजेच्या वेगाने पळत असावेत असा समज असतो, पण एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक ॲम्पिअर प्रवाह जात असताना इलेक्ट्रॉनांचा घोळका तासाला जेमतेम पाव मीटर पुढे सरकतो. पाण्याने आधीच भरलेल्या नळीचे एक टोक दाबले की दुसऱ्या टोकातून पाणी लगेच बाहेर येते, तसे हे आहे. शुद्ध तांब्याची वाहकता १०० धरली, तर चांदीची सुमारे १०६, सोन्याची ७० आणि ॲल्युमिनियमची ६१ भरते. तांब्याला १०० मानण्याचा हा प्रघात आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने १९१३ साली ठरवला, आणि आज कारखान्यातून निघणारे चांगले तांबे त्या १०० च्याही किंचित पुढे जाते.

आता हे आकडे घरात आणून पाहू. वायरमन ज्याला ‘अडीचची वायर’ म्हणतो, तिच्यातल्या धातूचा छेद अडीच चौरस मिलिमीटर असतो. बोर्डापासून १० मीटरवर गिझर आहे असे धरले, तर जाणारी-येणारी मिळून २० मीटर तार लागते. तांब्याच्या अशा तारेचा रोध ०.१४ ओहमच्या आसपास येतो. १० ॲम्पिअर प्रवाहाला तिच्यात साधारण १४ वॅट उष्णता निर्माण होते, तीही २० मीटरभर पसरून, म्हणजे हाताला जाणवणारसुद्धा नाही. तीच तार चांदीची केली तर १४ चे १३ वॅट होतील. एवढ्या एका वॅटसाठी तांब्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त किमतीचा धातू भिंतीत कोणी पुरणार नाही. ॲल्युमिनियमचे गणितही अवघड नाही: अडीचऐवजी चारची तार घेतली की रोध पुन्हा तेवढाच. धातूची वाहकता कमी असेल, तर ती उणीव तारेची जाडी वाढवून भरून काढता येते. म्हणूनच केवळ वाहकतेच्या क्रमवारीवरून धातूची निवड ठरत नाही.

जाडीने भरपाई करण्याचा हा मार्ग सर्वांत धाडसाने वापरला गेला तो हिंदुस्थानातच. १८५० च्या दशकात विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणाऱ्या तारायंत्राच्या वाहिन्या टाकल्या, तेव्हा सुरुवातीला बारीक तारेऐवजी लोखंडाच्या जाड सळया वापरल्या. लोखंडाची वाहकता तांब्याच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. पण तारायंत्राला लागणारा प्रवाह अगदी थोडा, आणि माकडे, वादळे, मोठाले पक्षी यांना पुरून उरायचे तर वाहकतेपेक्षा ताकद महत्त्वाची होती. लोखंडाने ते काम केले. पुढे जस्त चढवलेल्या लोखंडी तारा जगभर खांबांवर चढल्या. मग दूरध्वनी आला आणि लोखंड हरले. आवाजाचे प्रवाह क्षणाक्षणाला दिशा बदलतात, आणि असा उलटसुलट प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे ढकलला जातो. लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्यात हे फार जोराने घडते. आपल्या घरच्या ५० हर्ट्झच्या विजेलाही तांब्यात सुमारे ९ मिलिमीटर खोलीपर्यंत शिरकाव असतो. लोखंडात तो एखाद-दोन मिलिमीटरवर अडतो. म्हणजे लोखंडाची सळई कितीही जाड करा, तिचा गाभा बिनकामाचा राहतो. साधे तांबे खांबांवर ताणायला फार मऊ होते, तापवून नरम न करता ओढलेले तांबे मात्र कडक राहते. अमेरिकेत थॉमस डूलिटल यांनी १८७० च्या दशकाअखेरीस अशी कडक तार काढली आणि लांबच्या दूरध्वनीला खांबावर टिकणारी तांब्याची तार मिळाली.

तांबे म्हटले की एकच तांबे, असेही नाही. अटलांटिक महासागराखालून तारायंत्राची केबल टाकण्याची तयारी चालली असताना विल्यम थॉमसन यांनी १८५७ मध्ये बाजारातल्या वेगवेगळ्या तांब्यांची वाहकता मोजली. दिसायला सारख्या तारांमध्ये त्यांना कल्पनेपलीकडचा फरक आढळला; काही तांबे इतरांच्या जेमतेम निम्म्याने वाहत होते. कारण होते त्यातली चिमूटभर भेसळ. पाण्याच्या नळांसाठीच्या तांब्यात फॉस्फरस शंभर भागांत चार शतांश भागही नसतो, तरी तेवढ्याने वाहकता पंधरा-वीस टक्क्यांनी घसरते. तांब्याच्या ओळीत उभा असलेला परका अणू धावत्या इलेक्ट्रॉनांना फार नडतो. म्हणूनच तारेसाठीचे तांबे विजेनेच शुद्ध केले जाते. अशुद्ध तांब्याची जाड पाटी आणि शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात समोरासमोर टांगून प्रवाह सोडला, की तांब्याचे अणू एकीकडून सुटून दुसरीकडे जाऊन बसतात आणि त्यातले सोने-चांदी तळाच्या गाळात उतरते.

चांदीचा प्रश्न निकालात काढण्याआधी तिची खरीखुरी परीक्षा झाली तो प्रसंग सांगायलाच हवा. १९४२ साली अमेरिकेत अणुबाँबसाठी युरेनियमचे दोन प्रकार वेगळे करणारी प्रचंड यंत्रे टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे उभी करायची होती. त्यांच्या विद्युतचुंबकांना हजारो टन तांबे हवे होते, आणि युद्धामुळे तांबे तोफगोळ्यांच्या पितळेत चालले होते. तेव्हा लष्कराच्या अधिकाऱ्यांनी सरकारी खजिन्याकडे जाऊन चांदी उसनी मागितली. होता होता सुमारे १४,७०० अमेरिकी टन चांदी वितळवून तिची वेटोळी आणि पट्ट्या करण्यात आल्या. युद्धानंतर ती हळूहळू काढून परत करण्यात आली. शेवटचा हिस्सा १९७० मध्ये परत गेला, आणि साऱ्या व्यवहारात घट आली ती एक टक्क्याच्या विसाव्या भागाहूनही कमी. चांदीने तांब्याची जागा घेतली तरी यंत्रांच्या कामात काही जादू झाली नाही. चांदी तिथे आली ती तिजोरीत नुसती पडून होती म्हणून, सरस होती म्हणून नव्हे.

ॲल्युमिनियमची कथा उलटी आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर पावणेतीन किलोच्या आसपासचा ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला, तेव्हा हा धातू चांदीच्या तोडीचा महाग होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न ओळखता वितळलेल्या क्षारातून विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची रीत शोधली, आणि भाव कोसळला. आपल्या कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरच्या जांभ्यात ज्याचे साठे आहेत ते बॉक्साइट या धातूचे कच्चे रूप. मात्र त्यातून एक किलो धातू काढायला १३ ते १५ युनिट वीज खर्ची पडते. एवढी वीज पिऊन जन्मलेला धातू पुढे वीज वाहण्याच्या कामी आला, तो आपल्या हलकेपणाच्या बळावर. तांब्याच्या तारेइतकाच रोध हवा असेल तर ॲल्युमिनियमच्या तारेचा छेद दीडपटीहून मोठा घ्यावा लागतो, पण घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असल्याने एकूण वजन निम्मेच भरते. त्यात किलोचा भाव तांब्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर. म्हणजे तेवढीच वीज वाहण्याचा धातूखर्च सहा ते आठ पटींनी कमी. दोन मनोऱ्यांमध्ये तीन-चारशे मीटर लोंबकळणाऱ्या तारेला स्वतःचे वजन पेलायचे असते. तिथे वजन निम्मे होणे म्हणजे मनोरे हलके होणे, पाया लहान होणे. ॲल्युमिनियम ताणाला कच्चे, हा तिथे त्याचा एकच दोष होता. तो पोलादाने भरून काढला: मध्ये पोलादी तारांचा गाभा आणि भोवती ॲल्युमिनियमच्या तारांचा पीळ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत निघालेली ही जोडतार आज सगळीकडे आहे. इंग्रजांच्या वहिवाटीने आपल्याकडे तिच्या जाडीला प्राण्यांची नावे आहेत: ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर ‘मूस’, तिच्यात ॲल्युमिनियमच्या ५४ आणि पोलादाच्या ७ तारा, ‘पँथर’, ‘डॉग’, आणि गावाकडच्या खांबांवर ‘रॅबिट’, ‘वीझल’, ‘स्क्विरल’. महावितरणचा लाइनमन ‘रॅबिट ओढायची आहे’ म्हणतो तेव्हा तो एका पोलादी तारेभोवती पिळलेल्या सहा ॲल्युमिनियमच्या तारांबद्दल बोलत असतो.

हलका, स्वस्त, पुरेसा सुवाहक. मग असा धातू घरात का नको? याचे उत्तर पाहायला स्विचबोर्ड उघडावा लागतो. पितळेच्या छोट्या ठोकळ्याला भोक, भोकात तारेचे उघडे केलेले टोक, वरून एक स्क्रू. दिसायला ती तार पितळेला सर्वांगाने चिकटलेली असते. प्रत्यक्षात कोणतेही दोन पृष्ठभाग, कितीही गुळगुळीत असले तरी, डोंगररांगा एकमेकींवर पालथ्या घातल्यासारखे सुळक्यांवर टेकतात. विजेच्या जोडांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या राग्नार होल्म यांनी दाखवून दिले की प्रवाह या मोजक्या टेकलेल्या ठिपक्यांतूनच जातो, आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ दिसणाऱ्या जागेच्या अगदी किरकोळ हिश्शाएवढे असते. त्या ठिपक्यांवर काय साचते आणि दाब किती टिकतो, यावर सगळे अवलंबून. ॲल्युमिनियमचा उघडा पृष्ठभाग हवा लागताक्षणी ऑक्साइडचे कातडे पांघरतो. ते मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या तीन-चार पट एवढेच जाड असते, पण वीज अडवण्यात पक्के. तेच कातडे ‘जर्मन’च्या पातेल्याला गंजापासून वाचवते. नवा स्क्रू आवळताना ते फुटते आणि धातू धातूला भिडतो, म्हणून नवा जोड ठणठणीत चालतो. गोष्ट बिघडते ती पुढे. सकाळी गिझर लागतो, जोड कोमट होतो. ॲल्युमिनियम तापल्यावर पितळेपेक्षा जास्त फुगते. फुगायला जागा नाही म्हणून मऊ धातू स्क्रूखालून कणभर बाजूला सरकतो. गिझर बंद, जोड निवतो, आणि आता तार स्क्रूखाली केसभर बारीक झालेली असते. त्या फटीत हवा शिरते, नवे कातडे धरते, ठिपके कमी होतात, उद्या जोड थोडा जास्त तापतो. असे शेकडो दिवस. जोडाचा रोध ०.१ ओहमवर पोचला की गिझरच्या १० ॲम्पिअरला तिथे १० वॅट उष्णता जमते. वीस मीटर तारेत मिळून १४ वॅट आणि इथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत १० वॅट. सॉकेटभोवती पिवळट, मग तपकिरी पडत जाणारा डाग आणि बेकेलाइटचा करपट वास येतो तो इथून. आणि फ्यूज किंवा एमसीबी गप्प राहतो, कारण त्याच्या दृष्टीने प्रवाह अगदी नेहमीचाच असतो.

इथे रास्त आक्षेप येतो: तांबेही काळवंडतेच की. चिंच लावून घासलेल्या घंगाळाचा लखलखाट चार दिवसांत उतरतो, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. खरे आहे. पण तांब्याचा काळपट थर डोळ्यांना जेवढा वाईट दिसतो तेवढा विजेला वाईट नसतो. घरातल्या कोरड्या हवेत तो सावकाश वाढतो, अगदीच वीजरोधक नसतो आणि स्क्रूच्या दाबाने सहज चिरडला जातो. ॲल्युमिनियमचे कातडे दिसत नाही, उलट भांडे स्वच्छच वाटते, आणि अपाय तेच करते. शिवाय तांबे तापल्यावर फुगते ते साधारण पितळेइतके आणि दाबाखाली फारसे वाहत नाही, त्यामुळे स्क्रूची पकड टिकते. सैल जोड तांब्याचाही जळतो, यात शंका नको. स्क्रू आवळायलाच विसरलेल्या वायरमनला कोणताही धातू वाचवू शकत नाही. फरक एवढाच की तांब्याच्या जोडातली चूक केलेली असावी लागते, आणि ॲल्युमिनियमच्या जोडात बरोबर केलेले कामही काळाने चूक ठरू शकते.

हा नुसता तर्क नाही. १९६० च्या दशकात तांबे महागले तेव्हा अमेरिकेत घराच्या तारा ॲल्युमिनियमच्या घालायला सुरुवात झाली. १९६५ ते १९७३ या काळात तिथे मोठ्या संख्येने घरे अशी बांधली गेली. काही वर्षांतच तापलेल्या सॉकेटांच्या आणि आगींच्या तक्रारी येऊ लागल्या. ग्राहक सुरक्षेच्या सरकारी आयोगाने केलेल्या पाहणीचा निष्कर्ष असा की, १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियमच्या तारांच्या घरात एखादा तरी जोड आग लागण्याजोग्या अवस्थेला पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरापेक्षा ५५ पट जास्त आहे. लक्षात घ्यायचे ते हे की दोष तारेच्या लांबीत सापडला नाही, जोडांत सापडला. दुरुस्तीही तशीच सुचवली गेली: भिंतीतली तार राहू द्या, प्रत्येक टोकाला तांब्याचा छोटा तुकडा कायमचा दाबून जोडा आणि तो तुकडा स्विचमध्ये घाला.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा तीस-चाळीस वर्षे बिनतक्रार चालल्या, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. स्वातंत्र्यानंतर तांबे बाहेरून आणावे लागे आणि परकीय चलनाची चणचण होती. खेत्री आणि मलाजखंडच्या खाणी देशाची गरज भागवू शकत नव्हत्या. ॲल्युमिनियम इथे बनत होते, म्हणून ते घराघरांत गेले, आणि त्या काळाच्या हिशेबाने तो निर्णय चुकीचा नव्हता. पण त्या तारांवर भार काय होता? दोन-तीन दिवे, एक पंखा, रेडिओ. एक ॲम्पिअरही धड नाही. जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या ॲम्पिअरचा भार दहा ॲम्पिअर झाला म्हणजे प्रवाह वीसपट झाला, पण त्याच जोडातली उष्णता चारशेपट. केसिंग-कॅपिंगमधली तीच जुनी तार राहिली आणि तिच्यावर इस्त्री, गिझर, मग एअर कंडिशनर आले. वर्षानुवर्षे चाललेल्या तारेचा पुरावा नव्या भाराला लागू पडत नाही, ही गोष्ट जुन्या वाड्यांत आणि चाळींत राहणाऱ्यांनी फार गांभीर्याने घ्यावी असे मला वाटते. एअर कंडिशनर बसवताना भिंत नवी रंगवली जाते आणि तिच्यातली तार जुनीच राहते, हे सर्रास घडते.

याहून भक्कम आक्षेप अभियंत्यांचा आहे. ते म्हणतात, आजचे ॲल्युमिनियम तेव्हाचे नाही. १९७० च्या दशकात थोडे लोखंड मिसळलेले नवे मिश्रधातू आले, ते स्क्रूखालून पूर्वीसारखे सरकत नाहीत. सोसायटीच्या मीटर-रूमपर्यंत येणाऱ्या जाडजूड केबली ॲल्युमिनियमच्याच असतात आणि नीट चालतात. हे सारे मान्य. तांब्याची खाण, वाहतूक, आयात यांचा खर्च पाहता, आणि तुतिकोरिनचा तांब्याचा कारखाना २०१८ मध्ये बंद पडल्यापासून देश तांब्याचा निव्वळ आयातदार झालेला असताना, ॲल्युमिनियम जिथे चालेल तिथे ते वापरलेच पाहिजे. पण मीटर-रूममधल्या केबलीला टोके किती? मोजकी. त्या प्रत्येकावर लग, म्हणजे टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोडतुकडा, चढवणारा माणूस दाबयंत्र घेऊन आलेला असतो. आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये स्विच, सॉकेट, होल्डर धरून दोनशेच्या आसपास स्क्रू निघतात. ते आवळणारे हात अनेक, घाई भरपूर, आणि पुढची वीस वर्षे घरमालक स्वतःच कधीतरी पेचकस घेऊन त्यांत हात घालणार. मिश्रधातूने सरकणे कमी केले, कातडे नाही गेले. जिथे जोड थोडे आणि कसबी हातांचे, तिथे ॲल्युमिनियम. जिथे जोड अनेक आणि कोणाच्याही हातचे, तिथे तांबे. उंबऱ्यावर धातू बदलतो तो यामुळे.

जोडच धातू ठरवतो याची पारख हवी असेल तर सोडियमकडे पाहावे. वजनाच्या मानाने वाहकता मोजली तर तांबे, ॲल्युमिनियम, चांदी सगळ्यांना मागे टाकणारा धातू सोडियम आहे, आणि तो साध्या मिठातून निघतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात प्लॅस्टिकच्या नळीत सोडियम भरून केबली केल्या गेल्या, जमिनीत पुरून चाचण्याही झाल्या. केबल वीज उत्तम वाही. पण सोडियमला पाण्याचा थेंब लागला की तो पेट घेऊ शकतो, आणि प्रत्येक टोक म्हणजे तो धातू उघडा पडण्याची जागा. ही केबल रुळली नाही.

उलट टोकाचे उदाहरण मुंबईच्या लोकलच्या डोक्यावर आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. आज तिथे १,५०० व्होल्टऐवजी २५,००० व्होल्टची वीज आहे, पण गाडीच्या छतावरचा पेंटोग्राफ ज्या तारेला घासत जातो ती तेव्हाही तांब्याची आणि आजही तांब्याची, कडक ओढलेली, खाच पाडलेली. ही तार म्हणजे एक अखंड धावता जोड. कार्बनची पट्टी तिच्यावर क्षणोक्षणी नवा स्पर्श करते, तोडते, ठिणगी उडते. ॲल्युमिनियम इथे झिजून आणि जळून गेले असते. विजेच्या मोटारीतले कारण थोडे वेगळे: तिथे लोखंडी पत्र्यांच्या खाचांची जागा ठरलेली असते, जाड तार घेऊन भरपाई करायला वावच नसतो, म्हणून शेतातल्या पंपाची मोटार जळली की रिवाइंडिंगच्या दुकानात सहसा तांब्याचीच तार भरतात. आणि क्रमवारीतली चांदी नि सोने घरात नाहीत असे नाही. चांगला स्विच उघडला तर पितळी पट्टीच्या टोकावर, जिथे ती टेकते आणि सुटते, तिथे चांदीच्या मिश्रधातूचा टिकलीएवढा ठिपका दिसेल. मोबाइलच्या सिमकार्डावरचा पिवळा चौकोन सोन्याचा मुलामा आहे. सोन्यावर कातडे धरत नाही, आणि तिथला दाब इतका हलका असतो की कातडे फोडायला ताकदच नसते. महाग धातू तारेत परवडत नाहीत, पण टोकाला पुरतील एवढे परवडतात.

ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला मिळते त्या जागी सरळ बोल्ट मारून चालत नाही. ओल आली की दोन धातूंचा मिळून छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. म्हणून तिथे द्विधातू लग लागतो. त्याची नळी ॲल्युमिनियमची, सपाट पान तांब्याचे, आणि दोन्ही कारखान्यात एकमेकांवर गरगर घासून, त्या घर्षणाच्या उष्णतेने एकजीव केलेले. नळीत राखाडी रंगाचे दाट ग्रीस भरलेले येते. पुष्कळ वेळा त्यात कठीण बारीक कण असतात, केबलीच्या तारा दाबताना ते कातडे ओरबाडून काढतात आणि ग्रीस हवेला परत येऊ देत नाही. त्यावर दाबयंत्राने षटकोनी ठसा उमटेपर्यंत दाब दिला, की तिथली फट कायमची मिटते. तरीही उपकेंद्रांतले कर्मचारी भार जास्त असताना उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन फिरतात. पडद्यावर शेकडो मीटर तारा निळसर, एकसारख्या दिसत राहतात. कॅमेरा थांबतो तो एखाद्या क्लॅम्पपाशी, जिथे पांढरा ठिपका उमटलेला असतो. वहीत त्या क्लॅम्पचा क्रमांक लिहिला जातो, वाहिनी बंद करायची वेळ ठरते, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी शिडी लावून तेवढा एक जोड उघडतो, तारेच्या ब्रशाने घासतो आणि पुन्हा आवळतो.